तार चालू असताना

माझा धाकटा भाऊ दिवसभर बोलतो, आणि कशावर बोलतो, तर मौनावर. तो धर्मगुरू आहे. टेकडीवर त्यांचं एक मौनगृह आहे. तिथे लोक आठ-आठ दिवस तोंड न उघडता राहतात, आणि हा त्यांना सकाळ-संध्याकाळ तासभर समजावतो की देवाला शब्द लागत नाहीत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सगळे त्याला फादर म्हणतात. मी धाकट्या म्हणते. घरात एक बाप आधीच आहे, दुसरा मला झेपायचा नाही.

तो बाप, म्हणजे आमचे पप्पा, पाच महिन्यांपूर्वी दुकानातच कोसळले. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. आमचं दुकान मोटर रिवाइंडिंगचं. लोक जळालेले पंखे, पंप आणून टाकतात, आम्ही आतली जुनी तार काढून नवी भरतो. पप्पांनी हे पन्नास वर्षं केलं, त्यातली वीस मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर काढली.

बोलणं परत शिकवणाऱ्या थेरपिस्टबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पहिले सहा महिने सोन्याचे. लहानपणापासून जे पाठ आहे ते आधी परत येतं. आकडे, वार, प्रार्थना. तिथून सुरू करा आणि खंड पाडू नका."

मग रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो. मी एक शब्द, ते एक शब्द. अडले की मी पान्याने बाकावर ठोकायचे आणि म्हणायचे, "पुढे, पप्पा, पुढे." पहिला शब्द यायला अकरा दिवस लागले. तो आला तेव्हा मी शटर अर्धं खाली ओढलं आणि मनसोक्त रडले. तीन महिन्यांत गाडी क्षमेच्या ओळीपर्यंत आली: जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला क्षमा कर. तिथे मात्र रुतली. त्या ओळीवर ते अडायचे, मी ठोकत राहायचे, ते माझ्याकडे बघत राहायचे.

अशातच तीन आठवड्यांपूर्वी धाकटा आला. खाटेच्या कडेला बसून त्याने आमचा प्रकार ऐकला आणि पप्पांचा हात हातात घेऊन म्हणाला, "पप्पा, कशाला एवढा आटापिटा? देवाने तुमचे शब्द काढून घेतले ते तुम्हाला जवळ ओढायला. शब्दांवाचून प्रार्थना ही सगळ्यात वरची पायरी. लोक आयुष्यभर तिच्यासाठी झुरतात."

पप्पांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिला शब्द म्हटला, पप्पांनी तोंड उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दिवसभर आपले दुकानात खुर्चीवर बसून राहायचे, ओठ तेवढे थरथरायचे. मी फोन केला तर धाकटा म्हणतो, "ते थरथरत नाहीयेत ताई, ते मनात प्रार्थना करताहेत." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तीन महिने मी एकेक शब्द चिमट्याने ओढून काढला आणि याने एका बैठकीत सगळे परत आत ढकलले.

आणि काल रविवारी साहेब मौनगृहाची जीप घेऊन हजर. पप्पांना चाळीस दिवस तिकडे न्यायचं ठरवून आला होता. मला न विचारता दुकानामागच्या घरात जाऊन पप्पांचे कपडे बॅगेत भरले आणि बॅग दुकानाच्या दाराशी ठेवलीसुद्धा.

"चाळीस दिवसांनी सहा महिने संपलेले असतील," मी म्हटलं. "मग ते कायमचे मुके राहिले तर तू जबाबदार?"

"मी त्यांना विचारलंय. त्यांनी मान हलवली."

"मान ते मीटरवाल्यालाही हलवतात."

"ताई, एक सांगू? तू त्यांना प्रार्थना म्हणायला लावत नाहीस, परीक्षा घेतेस. पाना आपटतेस. त्यांना तिथे निदान कोणी ओरडणार नाही."

हे मला लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं, आणि त्यामुळे राग दुप्पट झाला. हातात पाना होताच, त्याच्या डोक्यात बसायचा बाकी होता. म्हणून मी पाना ठेवला आणि वाइंडिंगच्या मशिनवर बसले. सोमवारी द्यायचा एक पंखा होता. कॉइलला तीनशे वीस वेढे.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे, पप्पांनी घातलेला. मशिनच्या काउंटरवर त्यांचा कधीच भरवसा नव्हता, म्हणून तो काढूनच टाकलाय. वेढे मनात मोजायचे. तार चालू असताना कोणी अवाक्षर काढायचं नाही, गिऱ्हाइकानेही नाही. बोलून ज्याने मोजणी मोडली त्याने सगळी तार हाताने उकलायची. लहानपणी धाकट्याने जितकी तार उकलली तितकी आम्ही भरलीही नसेल.

मी हँडल फिरवायला लागले. शंभरेक वेढे झाले. मग त्याला राहवेना. शांततेचं मोल तुला कळत नाही, शांततेत माणूस देवाला ऐकतो, वगैरे त्याची रेकॉर्ड सुरू झाली. मी दोनशेच्या पुढे कुठेतरी होते. कुठे, ते गेलं.

हात थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं.

"उकल," मी म्हटलं.

त्याला एकदम आठवलं असावं. चेहरा पार पडला. पांढऱ्या झग्याची बाही वर सारून तो मुकाट्याने मशिनशी आला आणि तारेचं टोक शोधायला लागला.

"दोनशे," खुर्चीतून आवाज आला. घोगरा, गंजलेला. आम्ही दोघं वळलो. पप्पा माझ्या हँडलकडे बघत होते. "दोनशे... बारा."

मी हँडल धरलं आणि एक वेढा घातला. "तेरा," पप्पा म्हणाले. आणखी एक. "चौदा." एकशे आठ वेढे शिल्लक होते, ते सगळे त्यांनी मोठ्याने मोजले. मध्ये दोनदा अडखळले, मी हात थांबवून धरला, ठोकलं नाही. तीन आठवडे त्यांचे ओठ हलत होते ते थरथरीने नाही आणि प्रार्थनेनेही नाही. मी तार भरत होते आणि ते माझ्याबरोबर मोजत होते. मशिनपाशी तोंड उघडलं नाही, कारण तार चालू असताना कोणी बोलायचं नसतं.

तीनशे वीस झाल्यावर धाकटा खाली फरशीवर बसला आणि हमसून हमसून रडला. मला त्याची दया आली असं सांगायला आवडलं असतं. नाही आली. तीन आठवडे गेले होते, ते कोणी भरून देणार नव्हतं.

"बॅग आत ने," मी म्हटलं. तो उठून घेऊन गेला.

परत आला तेव्हा पप्पांनी डाव्या हाताने त्याला शेजारी बसवलं आणि स्वतःहून प्रार्थना सुरू केली. कोणी सांगितलं नव्हतं. शब्द तुटत होते, पण येत होते. धाकटा त्यांच्या मागून म्हणत होता, मीही. क्षमेची ओळ आली. पप्पा थबकले आणि पार झाले. धाकटाही झाला.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. समोर तो बसला होता, नाक पुसत.

पप्पा थांबले. बाकावर माझा पाना पडला होता. त्यांनी तो डाव्या हाताने कसाबसा उचलला आणि बाकावर हळूच ठोकला.

"पुढे," ते म्हणाले.