वाकडीचा डूख

मी एक जुनी माकडीण आहे. या प्राणिसंग्रहालयातल्या पाण्याच्या टाकीमागे आमचा पिंजरा आहे. इथेच माझा जन्म झाला आणि इथेच मी म्हातारी झाले. शेपटी जन्मापासून वाकडी, म्हणून रखवालदार मला वाकडी म्हणतात. मित्रांनो, माझ्या वयाच्या प्राण्यांकडून तुम्ही गोड आठवणींची अपेक्षा करत असाल. त्या दुसऱ्या कोणाकडून ऐका. मी मात्र जिच्यावर आयुष्यभर डूख धरला, तिच्याविषयी बोलणार आहे.

ती इथली आहारतज्ज्ञ. कोणत्या प्राण्याने काय खावं आणि किती खावं, हे ठरवणं तिचं काम. आली तेव्हा कोवळी पोर होती. नवा पांढरा कोट घालून प्राण्यांच्या स्वयंपाकघरात फिरायची, अंडी नि रताळी तोलून घ्यायची आणि भाज्या चिरणाऱ्यांना भंडावून सोडायची. तिच्याआधी आम्हाला शिळा पाव मिळायचा. तो तिने बंद केला. हे तिने चांगलंच केलं, खोटं कशाला बोलू?

आमचं जेवण एकाच मोठ्या ताटात येई. ताट मधोमध ठेवलं की टोळीची म्होरकी जाडी त्याला खेटून बसे. अंडी तिची, रताळी तिची. मग तिच्या लेकी, बहिणी, भाच्या. माझी आई लवकर गेली होती, मला विचारतंय कोण? सगळ्यांचं झालं की माझ्या वाट्याला काकडीचे शेंडे आणि कोबीचे दांडे यायचे. ताट परत जाई ते अगदी चाटूनपुसून. ते पाहून आहारतज्ज्ञबाई खूश. "ताट रिकामं आलं म्हणजे सगळ्यांची पोटं भरली," असं ती आमच्या रखवालदाराला मोठ्या तोऱ्यात सांगायची.

त्याच सुमारास मला पिल्लू झालं. पण मला दूधच येईना. ते छातीला चिकटून चोखत राही. मग त्याने चोखायचंही सोडलं. मी त्याला कवटाळूनच बसले होते, शेवटी रखवालदारांनी ते माझ्याकडून काढून घेतलं. बाईने त्याला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "जन्मतःच अशक्त होतं हे. आईच्या खाण्यात काही कमी नव्हतं."

हिला सुखाने नोकरी करू द्यायची नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

ती समोर आली की मी नेम धरून शेंडा मारायचे. कधी चष्म्यावर, कधी कोटावर, एकदा तर थेट चहाच्या कपात. पोटात कावळे ओरडत असले तरी एखादा शेंडा मी तिच्यासाठी राखून ठेवायचे. अशी बरीच वर्षं गेली. तिला बढती मिळाली. वरचे साहेब आले आणि ती त्यांना आमचा आहार समजावून सांगू लागली. मी कोबीचा दांडा तिच्या तोंडावर हाणला.

साहेब हसले. "मॅडम, तुमचा स्वयंपाक हिला काही पसंत दिसत नाही."

तिचे कान लाल झाले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तिने दांडा उचलला आणि रखवालदाराला विचारलं, "ही नेहमी शेंडे नि दांडेच का फेकते हो? हिच्याकडे दुसरं काहीच कसं नसतं?"

दुसऱ्या दिवशी ती खुर्ची घेऊन आली आणि आमचं जेवण संपेपर्यंत बसून राहिली. कोण काय खातं, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. उठली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

मग ताट गेलं. सगळं बारीक चिरून पिंजराभर विखरून टाकू लागले. जाडी एकटी कुठे कुठे पुरणार? ती वाळली, मी भरले. तिला पडलेल्या चेहऱ्याने इकडेतिकडे धावताना पाहून माझा घास आणखी गोड व्हायचा. माझं पुढचं पिल्लू जगलं.

पण गंमत बघा, या युक्तीने नाव झालं ते बाईचंच. तिचा सत्कार झाला, दूरदूरचे लोक तिच्याकडे शिकायला येऊ लागले. माझ्या मेलेल्या पिल्लाविषयी मात्र तिने अवाक्षर काढलं नाही. मग मीही फेकणं थांबवलं नाही. आता पोट भरलेलं असल्यामुळे नेम अधिक चांगला लागायचा.

परवा तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. केस पांढरे झालेत आता. भाषणं आटोपून ती आली आणि पिंजऱ्यापाशी जमिनीवरच बसली.

"वाकडे, तुझं पिल्लू अशक्त नव्हतं गं," ती म्हणाली. "ते उपाशी मेलं. खुर्ची घेऊन बसले ना, त्याच दिवशी मला कळलं. पण बोलायचा धीर झाला नाही. माझी सगळी अब्रू गेली असती."

आणि तिने गजांतून हात आत घातला.

याच हाताने माझं पोट भरलं, हे मला ठाऊक होतं. मी तो हात जवळ घेतला आणि कडकडून चावले. रखवालदार धावत आला. "राहू द्या हो," ती म्हणाली. हात तिने ओढून घेतला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी सगळ्यांच्या शेवटी जेवत असेल. भांडी रिकामी झाली म्हणजे तीही जेवली, असं धरून चालू नका. तिच्या पानात काय पडलं, ते जरा वाकून पाहा. आणि चूक कळली, तर बोलल्याने काही गमवावं लागणार असेल तेव्हाच बोला; गमवायला काही उरलं नाही की मग बोलण्याला मोल नसतं. ती वेळेवर बोलली असती, तर मी तिला माफ केलं असतं का? सांगता येत नाही. पण माझ्या लेकराला इतकी वर्षं कोणी अशक्त म्हटलं नसतं.