मर्लचं घर मी विकू दिलं नाही

लापशीचा कोमट चमचा.

डिसेंबरात बागेच्या पाइपातून आधी गरम पाणी येतं.

प्लास्टिकच्या घुबडाला मान नसते. तरी ती तुटते.

माणसाच्या अंगठ्यात हाड फार खोल नसतं.

देवदाराची फळी चोचीत धरली की पावासारखी तुटते.

थांबा. रीतीने सांगतो.

मी एक जुना काकाकुवा आहे, मित्रांनो. पांढरा, पिवळ्या तुऱ्याचा, वय एक्केचाळीस. ऑस्ट्रेलियात मरमबिजी नदीकाठच्या एका निलगिरीच्या ढोलीत माझा जन्म झाला. ते झाड पाडलं तेव्हा मला पिसंही फुटली नव्हती. झाड पाडणाऱ्यांपैकी एकाने मला टोपीत घातलं आणि मर्ल डन्स्टनच्या दारात नेलं. आमच्या गावात पडलेलं पिल्लू सापडलं की ते मर्लकडेच न्यायचे.

मर्लने मला चमच्याने लापशी भरवून वाढवलं आणि ड्यूक असं नाव दिलं. रोज सकाळी ती पिंजऱ्याचं दार उघडायची. निलगिरीची ताजी फांदी बोंडांसकट आणून टांगायची, म्हणजे माझ्या चोचीला दिवसभर काम. खायला मक्याचं कणीस, गाजर, पालेभाजी. सूर्यफुलाच्या बिया फक्त लाडाच्या, मोजक्या, तिच्या हातून. उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे डिसेंबरात, ती पाइपावर अंगठा ठेवून पाणी फवारायची आणि मी उलटा लटकून, पंख पसरून ओरडायचो.

सगळ्यात मोठी गोष्ट ही नव्हतीच. ती दुसऱ्या खोलीत गेली की मी हाक मारायचो. ती म्हणायची, "इथंच आहे रे राजा." दिवसातून शंभर वेळा हाक, शंभर वेळा उत्तर. थव्यातले पक्षी असंच करतात. तू आहेस का? आहे. मर्ल हाच माझा थवा होता.

फेब्रुवारीत ती मागच्या पायरीवरून पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. दवाखान्याच्या गाडीत घालताना ती म्हणाली, "ड्यूक, घर सांभाळ. मी आलेच."

मी ते ऐकलं. नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. बाकी सगळं त्यानंतरचं आहे.

तिचा मुलगा केल राहायला आला. बरोबर त्याची बायको रेलीन. मी मर्लला हाका मारल्या. उत्तर आलं नाही, म्हणून जोराने मारल्या. केलने मला पिंजऱ्यासकट मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. दार बंद, एक जाळीची खिडकी, आणि रोज तोंडापर्यंत भरलेलं सूर्यफुलाच्या बियांचं भांडं. फांदी नाही, आंघोळ नाही. मी ओरडलो की तो पिवळ्या बादलीतलं गार पाणी माझ्या अंगावर ओतायचा. मी छातीची पिसं उपटायला लागलो. आधी कोवळी, मग सगळी.

शेजारच्या डल्सी हॅगर्टी कुंपणावरून बघायच्या. त्यांनी केलला लहानपणापासून पाहिलेलं.

"केल, बाळा, हा पक्षी आहे की सोललेली कोंबडी?"

"मिसेस हॅगर्टी, तो नखरे करतो. आईनं लाडावून ठेवलाय."

"एकटा पडलाय तो. बाहेर काढ त्याला जरा. दोन शब्द बोल."

"काय बोलू? पाऊसपाणी?"

"तुला जमेल तेवढं. फार नसेलच."

रेलीन हसली. केल हसला नाही.

आता त्याच्या चुकीबद्दल. केलने घर विकायला काढलं. गिऱ्हाइकाला आवडावं म्हणून मागे देवदाराचा लाकडी ओटा बांधला. कठडा देवदाराचा, खिडक्यांच्या नव्या चौकटीही देवदाराच्या. आणि रोज सकाळी तो माझ्या भांड्यातल्या उरलेल्या बिया हिरवळीवर झटकायचा. कचऱ्याच्या डब्यापर्यंत चालायचा त्याला कंटाळा.

डल्सीबाईंनी सांगितलं होतं, "बिया अंगणात टाकू नकोस. सगळी नदी दारात येऊन बसेल."

"पक्षी आहेत ते, मिसेस हॅगर्टी. वाळवी नाही."

घराबाहेर विक्रीचा फलक लागला. मी जाळीतून तो पाहिला आणि मला एवढंच कळलं, घर गेलं तर मर्ल परत येणार कुठे?

सप्टेंबरात नदीवरून थवा जात होता. मी हाक मारली. एक्केचाळीस वर्षांत मी माझ्या जातीच्या पक्ष्याला हाक मारली नव्हती. वरून उत्तर आलं.

पहिल्या दिवशी नऊ जण उतरले. बिया खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी वीस. आठवड्यात चाळीसच्या वर. आमच्या जातीचं असं आहे, पोट भरलं की चोच खाजते. मऊ लाकूड समोर असताना ती कुणी निलगिरीवर झिजवत नाही. त्यांनी कठड्यापासून सुरुवात केली. मी शेडमधून आवाज देत राहिलो. कुणी उडून चाललं की पुन्हा बोलवायचो. थोडं राहिलंय. डावीकडची चौकट राहिलीय.

मला वाईट वाटलं असं तुम्हाला वाटत असेल. नाही वाटलं. प्रत्येक ढलपी पडली तेव्हा मला माझं एकेक पीस परत मिळत होतं.

केलने पातेली वाजवली. चमकत्या तबकड्या टांगल्या. प्लास्टिकचं घुबड आणून बसवलं. दुपारपर्यंत त्याचं डोकं गुलाबाच्या वाफ्यात होतं.

"अहो, हे हसतायत मला," केल ओरडला.

"हसू दे रे," डल्सीबाई म्हणाल्या. "गावात दुसरी करमणूक आहेच कुठं?"

मग घर बघायला एक जोडपं आलं. बाई ओट्यावर उभी राहून म्हणाली, "किती शांत आहे इथं," आणि कठड्यावर हात टेकला. कठडा तिच्या हातात आला. वर पत्र्यावर चव्वेचाळीस तुरे एकदम उभे राहिले. जोडप्याने चहासुद्धा घेतला नाही.

त्या संध्याकाळी केल शेडमध्ये आला. "तूच बोलावतोस ना त्यांना?"

मी तुरा उभारला.

त्याने पिंजऱ्यात हात घातला. मला काढायला, मारायला, कशाला ते मी विचारलं नाही. मी अंगठा धरला आणि सोडला नाही. हाड लागलं तेव्हा सोडला.

तो उपड्या बादलीवर बसला. रक्त चड्डीवर गळत होतं. त्याने अंगठा सदऱ्यात गुंडाळला. मग म्हणाला, "मी शाळेतून आलो की आधी तुला खायला मिळायचं. मग मला."

मित्रांनो, हे खरं होतं. मला तेव्हाही वाईट वाटलं नाही. मी फक्त पुन्हा चावलो नाही.

दुसऱ्या दिवशी तो डल्सीबाईंना म्हणाला, "घेऊन जा हा. फुकट. पिंजऱ्यासकट."

आता मी डल्सीबाईंच्या स्वयंपाकघरात असतो. फांदी मिळते, पाइपाखाली आंघोळ मिळते. मी हाक मारली की त्या म्हणतात, "काय रे टकल्या?" छातीवर पिसं पुन्हा येतायत, विरळ. केलच्या अंगठ्याला टाके पडले. तो आणि रेलीन गाव सोडून गेले. फलक उतरला. घर तसंच उभं आहे, बिनकठड्याचं. इथल्या खिडकीतून दिसतं. मी सांभाळलं.

तुमच्यापैकी कुणाला घरी काकाकुवा आणायचा असेल, तर आधी हे समजून घ्या. तो सत्तर वर्षं जगतो. तुमच्या आईला पुरून उरेल, कदाचित तुम्हालाही. त्याला नुसतं भांडं भरून चालत नाही. त्याने हाक मारली की उत्तर द्यावं लागतं, दर वेळी, कंटाळा आला तरी. नाही दिलंत तर तो दुसऱ्या कुणाला तरी हाक मारेल. कुणाला, ते तुम्हाला आधी कळणार नाही.

मर्ल नऊ एप्रिलला दवाखान्यातच वारली, हे मला डल्सीबाईंनी इथं आल्यावर सांगितलं. ओट्याची पहिली फळी मे महिन्यात बसली.