बुधवारच्या आधी

केक चांगला झाला होता. तिथूनच सुरुवात करते, कारण पुढे तो कुणी खाल्लाच नाही.

रविवार होता. खालच्या मजल्यावरचा योखेन आलर्स बुधवारी सत्तर वर्षांचा होणार होता आणि सोमवारी सकाळी त्याच्या हृदयाची झडप बदलणार होते. म्हणजे वाढदिवसाला तो अतिदक्षता विभागात, नळ्यांच्या जंजाळात. म्हणून मी आणि क्लाइव्हने ठरवलं, की आपण

नाही. असं सांगितलं तर वाटेल, आम्ही विचार न करता केलं. आम्ही पुष्कळ विचार केला होता.

*रविवार, पुन्हा*

माझा नवरा क्लाइव्ह विमानांचे पंख बनवतो. आधी वेल्समध्ये बनवायचा, मग कंपनीने जर्मनीत ब्रेमेनला पाठवलं. मी त्याच्या मागून आले. माझी नोकरी, माझी बहीण, माझ्या मैत्रिणी, सगळं तिकडे वेल्समध्येच, रेक्समला राहिलं. इथे मला माणूस म्हणून एकच, हाइके आलर्स. योखेनची बायको. पहिलं वर्षभर आम्ही एकमेकींना बाई-बाई करत होतो. मग एका संध्याकाळी तिने वाइनचा ग्लास पुढे केला आणि सरकारी हुकूम काढावा तसं जाहीर केलं, "आजपासून तू म्हणायचं." माझी आई गेली तेव्हा मला विमानतळावर तिनेच पोचवलं. मी परत आले तेव्हा ती तिथेच उभी होती. कुठल्या विमानाने येणार, हे मी तिला सांगितलंही नव्हतं.

हाइकेने आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलं. तिचा कशावर विश्वास नाही. होमिओपॅथीवर नाही, राशिभविष्यावर नाही, पाद्र्यावर तर नाहीच. हे सांगणं आवश्यक आहे.

तर केक. जॅम आणि क्रीमचा साधा स्पंज, वर सात मेणबत्त्या, दहा वर्षांना एक. आलर्सांच्या दाराला दिवसा कडी नसते. क्लाइव्हने कोपराने दार ढकललं आणि आम्ही वाढदिवसाचं गाणं गात आत शिरलो.

टेबलाशी तिघं कॉफी घेत बसले होते: योखेन, हाइके आणि एम्डेनहून आलेला योखेनचा धाकटा भाऊ एनो. दुसऱ्या ओळीलाच मला कळलं, खोलीत काहीतरी बिघडलंय. पण गाणं अर्ध्यात सोडता येत नाही. वेल्सच्या माणसाला तर नाहीच. आम्ही ते शेवटपर्यंत गायलो, योखेनच्या नावासकट.

एनोचा काटा तोंडाशी अडकला होता.

"हे काय आहे?" हाइके म्हणाली.

"सरप्राइज!" क्लाइव्ह जर्मनमध्ये म्हणाला. त्याचं जर्मन अजून त्या एका शब्दापुढे सरकलेलं नाही, असं हाइके नेहमी चिडवायची. त्या दिवशी तिने चिडवलं नाही.

"आज रविवार आहे."

"हो, माहीत आहे गं," मी म्हणाले. "पण बुधवारी तर तो…"

"बुधवारी तर तो काय?"

मेणबत्त्या जळत होत्या.

एनोने काटा खाली ठेवला. "इंग्लंडात माणूस मरायच्या आधीच पुरतात का हो?"

"आम्ही वेल्सचे," मी म्हणाले. असल्या वेळी माणूस काय बोलेल याचा नेम नसतो.

"मग वेल्समध्ये?"

या देशात वाढदिवसाच्या शुभेच्छा आधी देत नाहीत, हे मला कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं. मला वाटलं, शिष्टाचार असेल, जसा ग्लास भिडवताना डोळ्यांत बघायचा. ही नाट असते, हे कुणी सांगितलं नव्हतं. जो दिवस माणसाने अजून पाहिला नाही, तो आधीच साजरा केला की तो दिवस त्याला दिसत नाही. एवढं सरळ आहे.

क्लाइव्हला वाटलं, आपली बाजू समजावून सांगितली की सगळं निवळेल. त्याला नेहमीच असं वाटतं.

"आमच्याकडे यात काही वाईट नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "प्रेमाने करतात. माझ्या वडिलांचा नाताळ आम्ही नोव्हेंबरात केला होता. झाड, टर्की, कागदाचे मुकुट, सगळं. फार खूश झाले होते."

"अस्सं," हाइके म्हणाली. "आणि नाताळाला कुठे होते ते?"

क्लाइव्हने केककडे बघितलं.

खिडकीखालून ट्राम गेली आणि बशीतले चमचे किणकिणले.

मग योखेन उठला. टेबलाला हात टेकून, सावकाश, हल्ली उठायचा तसा. वेझर नदीवर जन्मभर मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीचा कप्तान होता तो. त्याच्या बोटीवर कुणी शीळ घातली, म्हणजे वादळाला हाक मारली, तर पुढच्या धक्क्याला त्याला उतरवायचा, असं तोच सांगायचा, हसत, पण खरं.

"मेण क्रीमवर गळतंय," तो म्हणाला.

"योखेन, नको."

"पोरगी एवढी राबलीय गं."

"योखेन!"

त्याने फुंकर मारली. दम पुरला नाही, दुसरी मारली. सातही विझल्या. मग त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, आपल्या घरी पाहुण्याच्या हातून बशी फुटली की यजमान हलवतो तशी, आणि खाली बसून छातीवर हात ठेवला.

हाइके उभी राहिली. "निघा. दोघंही. आणि हे घेऊन जा."

*सोमवार*

"अंधश्रद्धा आहे ही."

"हो."

"तुझा विश्वास आहे?"

"नाही."

"मग झालं तर. सर्जन काय केक बघून सुरी चालवतो?"

"नाही चालवत."

"मग अशी खिडकीशी का उभी आहेस सकाळपासून?"

"तू केक का नाही खाल्लास?"

"भूक नाही मला."

"क्लाइव्ह, तू क्रीमचा केक ठेवून कामाला गेलास, असं कधी झालंय का?"

"बाहेर टाकून दे तो."

"तू टाक."

कुणीच टाकला नाही.

*सोमवार, संध्याकाळ*

पुढे काय झालं ते मला माहीत आहे. ते इथेच, एका ओळीत सांगून मोकळी होऊ शकते. पण गोष्ट घडण्याआधी ती सांगायची खोड मी मोडली आहे.

कचरा टाकायला उतरले तर जिन्यात एनो होता. अंगावर कोट तसाच, किल्ली हातात, दार उघडायचं विसरलेला.

"कसं झालं?" मी विचारलं.

"झडप बसली."

"वा! म्हणजे…"

"थांबा हो. तुम्हाला फार घाई." तो भिंतीकडे बघत बोलत होता. "झडप बसली. मग आतून रक्त जायला लागलं. पुन्हा उघडला त्याला. आता थांबलंय. पण झोपवून ठेवलाय. बुधवारी झोपेचं औषध बंद करणार. मग उठेल. किंवा."

ओल्या कचऱ्याची पिशवी माझ्या हातात गळत होती. मी "सॉरी" म्हणाले. त्याने हात झटकला, माशी हाकलावी तसा, आणि किल्ली लावली.

*मंगळवार*

हाइके दुपारी कपडे बदलायला घरी आली. जिन्यावरची तिची पावलं मी दाराला कान लावून ऐकली. मग खाली गेले. दार बंद होतं. दिवसाही कडी.

"कोण?"

"मी. ब्रॉनवेन. हाइके, मला माफ कर."

मग ती दाराजवळ येऊन बोलली. दार उघडलं नाही.

"तू माफी फार मागतेस. ट्राममध्ये कुणी तुझ्या पायावर पाय दिला तरी तूच मागतेस. त्यातली आजची कितीला धरू मी?"

"मी मुद्दाम नाही गं…"

"मला एक सांग. मुद्दाम-बिद्दाम सोड. बुधवारपर्यंत का थांबली नाहीस? नाहीतर पुढच्या रविवारी करायचा होता. आम्ही नंतरच करणार होतो. पुढच्या महिन्यात, बागेत, सगळ्यांना बोलावून. नंतर का नाही सुचलं तुला?"

मी दाराच्या लाकडाकडे बघत राहिले.

"बोल ना."

नंतर मला सुचलं नाही, कारण माझ्या हिशेबात नंतर नव्हतंच. क्लाइव्हच्या वडिलांचा नोव्हेंबरातला नाताळ मी पाहिला होता. तो आम्ही का केला हे आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत होतं, कागदी मुकुट घातलेल्या त्या म्हाताऱ्यालाही. केक करताना, क्रीम फेटताना, मी योखेनला निरोप देत होते. हाइकेला ते पहिल्या ओळीतच ऐकू आलं होतं. मला दोन दिवस लागले.

"तुला वाटलं तो परत येणार नाही," ती दारापलीकडून म्हणाली.

मी नाही म्हणायला हवं होतं. हजार वेळा सॉरी म्हणणारी मी, एकदा खोटं "नाही" म्हणू शकले नाही.

"जा वर," ती म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

*बुधवार*

सकाळी घंटा वाजली. दारात हाइके. कोट, पर्स, केस ओले. तीन दिवस झोपली नसावी.

"चप्पल काढ, बूट घाल. चल."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? आत दोघांनाच सोडतात. एनो बाहेर बसेल."

क्लाइव्ह मागून म्हणाला, "मीही येऊ का?"

"तू नको," हाइके म्हणाली. "तू गोष्टी सांगतोस."

ट्राममध्ये ती माझ्या शेजारी बसली, पण खिडकीबाहेर बघत. नदीवरचा पूल आला तेव्हा बोलली.

"नीट ऐक, कारण हे मी एकदाच बोलणार आहे आणि नंतर मी असं बोललेच नव्हते. रविवारी जे बोललीस ते तुझ्या तोंडून गेलंय. ते मला किंवा एनोला परत घेता येत नाही. आज त्याचा खरा वाढदिवस आहे. तू आज बोललीस तर रविवारचं कच्चं ठरेल. नाही बोललीस तर तेच खरं राहील."

"असं असतं का?"

"मला काय माहीत?" ती एकदम ओरडली. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं. "मी औषधं विकली आहेत जन्मभर! मला काय माहीत असं असतं का!"

मग तिने पर्समधून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं.

आणि समजा, मी बोलले आणि तो गेला तर? हे मी तिला विचारलं नाही. तिनेही तो विचार केला असणार. तरी तिने मला आणलं होतं.

*आत*

निळा गाऊन, टोपी, हातांना जंतुनाशक. योखेन इतका लहान दिसेल असं वाटलं नव्हतं. तोंडातली नळी काढली होती, श्वास त्याचा तोच घेत होता. नर्स म्हणाली, औषध पहाटेच बंद केलंय, आतापर्यंत काहीतरी हालचाल व्हायला हवी होती. मग तिला वाटलं, आपण जास्त बोललो, आणि ती पडद्यामागे गेली.

हाइके एका बाजूला उभी राहिली, मी दुसऱ्या.

"बोल."

यापूर्वी मी या वाक्याचा कधी विचारच केला नव्हता. ते कार्डांवर छापलेलं असतं.

"योखेन," मी म्हणाले. "आज बुधवार आहे."

हाइकेने डोळे मिटले.

"आज तुझा वाढदिवस आहे. आज. वाढदिवसाच्या शुभेच्छा."

यंत्राची टकटक तशीच चालू राहिली.

"मोठ्याने," हाइके म्हणाली. "जन्मभर इंजिनाशेजारी उभा होता तो. बहिरा आहे अर्धा."

मी मोठ्याने बोलले. नर्सने पडदा सरकवून पाहिलं आणि पुन्हा ओढला. मी तिसऱ्यांदा बोलले, तेव्हा माझ्या आवाजातला निरोप गेलेला होता. मला त्याला नुसतं उठवायचं होतं. सकाळी उशिरापर्यंत लोळणाऱ्या माणसाला हाक मारतात तसं.

काही झालं नाही.

हाइकेने भिंतीजवळच्या दोन खुर्च्या ओढल्या. एक माझ्या बाजूला ढकलली. आम्ही बसलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मध्ये एकदा तिने पर्समधून एक सँडविच काढलं, अर्धं मोडून पलंगावरून माझ्याकडे दिलं. इथे खायला परवानगी नाही, असं मी म्हणाले. "मग पटकन खा," ती म्हणाली.

ऊन खिडकीतून सरकून त्याच्या पायांवर आलं होतं, तेव्हा त्याचा अंगठा हलला. मला वाटलं, भास. मग पापण्या थरथरल्या. मी उठले, तोंड उघडलं, उठतोय, हाइके, तो उठ

हाइके पलंगावरून वाकली आणि तिने तळहात माझ्या तोंडावर दाबला. जोरात, दात ओठांत रुतले.

"अजून नाही," ती कुजबुजली.

तिच्या हाताला जंतुनाशकाचा आणि सँडविचमधल्या चीजचा वास होता. मी नाकाने श्वास घेत उभी राहिले. योखेनने डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं. मग खूप सावकाश मान वळवून तिच्याकडे.

"हाइके," तो म्हणाला. आवाज जवळजवळ नव्हताच.

तिने मान हलवली. माझ्या तोंडावरचा हात तिने तरीही काढला नाही.