दारासमोरची जागा

सुहासिनी गेल्याचं जगन्नाथला कळलं तेव्हा तो फुग्याच्या आत होता.

फुगा हा तिचाच शब्द. कागदावर ते गंधकाची भुकटी साठवायचं काँक्रीटचं घुमटाकार गोदाम होतं. पण बांधायची रीतच अशी, की आधी जाड कापडाचा घुमट मोठ्या पंख्याने हवा भरून फुगवायचा. मग आत शिरून कापडाला आतून फोम मारायचा, सळ्या बांधायच्या आणि नळीने काँक्रीटचे थर फवारत जायचं. कवच स्वतःच्या बळावर उभं राहीपर्यंत पंखा बंद करायचा नाही. ये-जा करायला दोन दारांची एक छोटी खोली असते. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर हवा निसटते.

१९८६ च्या ऑक्टोबरातला तो बुधवार होता. साइटवर फोन एकच, वजनकाट्याच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या लहानशा ऑफिसात. तिथं लॉरेन बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांची वजनं लिहून घ्यायला. गेल्या तीन महिन्यांत ती फुग्यात कधी आली नव्हती. त्या दिवशी धावत आली.

"जॅग, तुझ्या बायकोच्या लायब्ररीतून फोन होता," ती म्हणाली. "ती पुस्तकं लावताना पडली. हॉस्पिटलमध्ये नेलं, पण ती गेली रे."

दोघं त्या छोट्या खोलीत आले आणि मागचं दार लागायची वाट बघत उभे राहिले. लॉरेनने हात वर करून त्याच्या हेल्मेटचा पट्टा सोडवला, लहान मुलाचा सोडवावा तसा. मग पुढचं दार उघडलं. समोर लॉरेनचा ट्रेलर होता, आणि जगन्नाथला आठवलं की ते सांगायचं राहिलंच.

शनिवारी सुहासिनी डबा घेऊन साइटवर आली होती. डब्लिनच्या घरून दोन तास स्वतः गाडी चालवत. डबा हे निमित्त. तिला फुगा बघायचा होता. पंखा चालू असताना पाहुण्यांना आत नेत नाहीत, म्हणून तिला लॉरेनकडे बसवून तो कामाला गेला. तासाभराने परतला तेव्हा दोघी थालीपीठ खात एकमेकींना आपापल्या नवऱ्यांच्या तक्रारी सांगत होत्या.

घरी परतताना तिची गाडी तो चालवत होता. तिने विचारलं, "अहो, त्या फुग्यात स्फोट झाला तर?"

"कवच फुटायचं नाही. गंधकाची धूळ पेटली तर दाब दाराकडून बाहेर पडतो. दार मुद्दामच हलकं ठेवलंय."

"दार उडून कुठं जाईल?"

"समोर."

"आणि समोर कोण आहे?"

"कोणी नाही. ड्रॉइंगमध्ये मोकळी जागा दाखवलीय."

"मोकळी जागा कसली? लॉरेन आहे तिथं. खिडकीत तिने जिरेनियम लावलंय. मी आत्ता तासभर बसून आले."

त्याने गाडी कडेला घेतली. ड्रॉइंग मार्चमधलं होतं. ट्रेलर जुलैत आला, जमीन सपाट दिसली म्हणून तिथं ठेवला. नंतर सगळ्यांनी कवचाची जाडी तपासली, सळ्या मोजल्या. दारासमोर कोण येऊन बसलंय हे कुणी बघितलं नाही. ड्रॉइंगवर सही त्याची होती, आणि तो रोज त्याच दाराने बाहेर पडत होता.

"सोमवारी सांगतो," तो म्हणाला.

"तुमचा सोमवार मला ठाऊक आहे. बाथरूमचा नळ असे चार सोमवार गळतोय."

सोमवारी काँक्रीटचा पहिला थर सुरू झाला आणि तो आतच अडकला. बुधवारी सकाळी दारात बुटांची नाडी बांधताना तिने विचारलं, "लॉरेनचं सांगितलंत?"

"आज नक्की."

हे त्यांचं शेवटचं बोलणं.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. नंतर माणसं आपापल्या कामाला गेली. तो आणि पंधरा वर्षांची मुलगी नीला, दोघंच उरले. जगन्नाथ साइटवर गेला तेव्हा कवच पुरं झालं होतं, पंखा बंद होता. दार जिथल्या तिथं. आता ते फिरवणं शक्य नव्हतं.

प्लांटचा मॅनेजर हॉफमन म्हणाला, "ट्रेलर हलवायचा म्हणजे विजेची, फोनची लाइन हलवायची. वर उडालेलं दार अडवायला समोर मातीचा बांध हवा म्हणतोस. ड्रॉइंग तर पास झालंय. तुझीच सही आहे ना?"

"आहे. ती मी मागे घेतो. तसं पत्र लिहून देतो."

"मग तुझं ऑफिस तुला सोडेल का? आणि चूक सापडली कुणाला?"

"माझ्या बायकोला."

"इंजिनिअर होती?"

"नाही. लायब्ररीत होती. पण ती तिथं बसली होती."

पत्र त्याने रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिलं. ड्रॉइंगमधली चूक माझी आहे, पहिलंच वाक्य. पुढचं सुचेना. नीलाने खांद्यावरून वाचलं.

"बाबा, विल दे फायर यू?"

"बहुतेक नाही. ओरडतील."

"आई वुड हॅव सेड, फायनली."

"हो," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी दोघं हसले. मग नीलाच रडायला लागली. त्याने तिला जवळ घेतलं. तिला थोपटत तो टेबलावरच्या अर्ध्या पत्राकडे बघत राहिला.

ऑफिस ओरडलं. पुढचं काम दुसऱ्याला दिलं, पण पत्र गेलं आणि डिसेंबरात ट्रेलर हलला; घुमटाच्या मागच्या अंगाला, चारशे फुटांवर. लॉरेनने नव्या जागेची खिडकी मोजून पडदे शिवले. त्याला फोन करून म्हणाली, "इथून नदी दिसते, जॅग. सुहासला आवडलं असतं." ती सुहास म्हणायची, आणि ऐकून त्याला बरं वाटायचं.

पण वजनकाटा जमिनीत रोवलेला आहे. तो जुन्याच जागी राहिला. ट्रकवाले अजून दारासमोरच थांबतात, खिडकीतून हात बाहेर काढून सिगारेट झटकतात. त्यांच्यासाठी बांध हवा. हॉफमनने तो मंजूर केला तोवर जमीन गोठली होती, माती खणता येईना.

आता फेब्रुवारी चालू आहे. गंधकाची पहिली खेप मार्चच्या अखेरीला यायची आहे. बांध अजून घातलेला नाही.