चुकीच्या झाडापुढची पाटी

मित्रांनो, पालीजवळच्या वनस्पती उद्यानात उभी असलेली मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. बीडच्या एका पेंटरने मला हिरवा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत लिहिले : 'देशी बदाम. बी खाता येते. पानांच्या पत्रावळी होतात.' मग माळी आसारामकाकांनी मला बदामाच्या बुंध्याशी रोवले.

ते दिवस फार चांगले होते. नेकनूरकडच्या शाळांच्या सहली येत. मुले गवती चहाची पात चुरगाळून वास घेत, रिठ्याचा फेस करून हात धूत. माझ्यापाशी आली की खाली पडलेली फळे दगडाने फोडत आणि आतली बी चाखून म्हणत, "खरंच बदाम हाय की!" मला अभिमान वाटे.

यंदा वादळात मी उपटले गेले आणि कुंपणापाशी चिखलात पडले. आसारामकाका मोडलेल्या फांद्या ओढत होते. त्यांनी मला पुसले आणि तिथल्याच मऊ मातीत खोचले. "सांजच्याला जागेवर लावतो," असे ते पुटपुटले. सांज झाली, पण कामाच्या गडबडीत ते विसरून गेले.

माझ्या मागे मोगली एरंडाचे झुडूप होते. त्याच्या काळ्या बिया विषारी असतात. माझी अक्षरे खरीच होती, पण त्या जागी उभी राहून ती खोटे बोलत होती.

रविवारी शाईस्ता नावाची बाई आपल्या मुलीला, सहरला, घेऊन आली. सहर नुकतीच वाचायला शिकली होती. तिने मला एकेक अक्षर लावून वाचले.

"अम्मी, ह्याची बी खाता येते!"

शाईस्ताने पाहिले आणि म्हणाली, "लिहिलंय ना? मग खा."

बिया चवीला गोड असतात. सहरने मूठभर खाल्ल्या. मित्रांनो, मला ओरडता आले नाही.

फाटकापाशी पोचेपर्यंत तिला उलट्या सुरू झाल्या. आसारामकाका धावत आले. तिच्या मुठीतली टरफले पाहून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मायलेकींना मोटारसायकलवर बसवून त्यांनी दवाखाना गाठला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उपटून जागेवर नेले. सोबत काम करणाऱ्या सुंदरबाईंना ते सांगत होते, "सलाइन लावलं. पोरगी वाचली. पण मला कोणी एक शब्द बोललं न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." मग त्यांनी मोगली एरंडापुढे लाल पाटी लावली : 'विषारी'.

काही आठवड्यांनी मायलेकी पुन्हा आल्या. काकांनी हात जोडले.

"खा म्हणून मीच म्हणलं होतं," शाईस्ता खाली मान घालून म्हणाली. "तुमी एकटेच कशापायी झुरता, काका?"

काकांनी एक बदाम फोडला, अर्धा स्वतः खाल्ला आणि उरलेला तळहातावर धरून वाकले. "घे बेटा. हा खराच हाय."

सहरने माझ्यावरची अक्षरे वाचली. मग हळूच दोन्ही हात पाठीमागे लपवले.

काका बराच वेळ तसेच वाकून उभे होते.

मित्रांनो, पडलेली पाटी दिसली तर तिला कुठेही खोचू नका, जाणत्या माणसाच्या हाती द्या. आणि खात्रीने झाड ओळखणाऱ्याला विचारल्याशिवाय कोणतेही बी तोंडात घालू नका. माझ्यावर लिहिलेले असले, तरीसुद्धा.