पक्कं काम

हायवे रुंद होणार म्हणून उंब्रजमधल्या नऊ घरांच्या पुढच्या भिंती जाणार होत्या. त्यात दस्तगीर मिस्त्रींची एक. भिंतीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. दारावरच्या ताऱ्याबद्दल होती.

तारा त्यांच्या बायकोनं, परवीनबींनी, जुळवलेला. विजापुरात पाहिलेला आठ कोनांचा तारा त्यांच्या डोक्यात बसला. नवरा लोकांच्या घरी टाइल बसवून उरलेले तुकडे आणायचा. ते त्यांनी सहा वर्षं निळे, मोरपंखी, पांढरे असे डब्यांत साठवले. म्हणजे त्या ताऱ्यात निम्म्या गावाची न्हाणीघरं होती. तरी येणारेजाणारे थांबून ‘माशाल्ला’ म्हणत. परवीनबींना जाऊन दोन वर्षं झाली. मिरजेला लेकीनं, तरन्नुमनं, नव्या घरात ताऱ्यासाठी त्याच मापाची भिंत कोरी ठेवली होती.

दस्तगीर छिन्नी घेऊन शिडीवर चढले. शिडी धरायला टाइलचे दुकानदार धरणेंद्रशेठ.

टाइल पोकळ वाजली की मागं सिमेंट कमी, म्हणजे ती सुटते. अशा कामाची दस्तगीरनी चाळीस वर्षं टिंगल केली होती. आता त्यांनी तुकडान्‌तुकडा कान लावून वाजवला.

“एखादा तरी पोकळ असंल की वो?”

“न्हाई.”

“नीट ऐका.”

“शेठ, बायकोचं काम हुतं. दुप्पट सिमेंट घातलंय.”

“आवं, घरात तरी जरा फसवायचं!”

दस्तगीरनी घाव घातला. निळा तुकडा दुभंगला. सिमेंट हललं नाही. दुसरा घाव त्यांनी घातला नाही.

सकाळी जेसीबी आला. भिंत विटा-विटांनी ढासळेल असं सगळ्यांना वाटलं. ती अख्खी पडली, तोंडावर. तारा खाली.

“काका, उलटी करून बघू का?” ड्रायव्हर म्हणाला. “वाचला बी असंल.”

“आणि नसला तर?”

ड्रायव्हरनं धरणेंद्रशेठकडे पाहिलं.

“पालथीच ने,” दस्तगीर म्हणाले.

जेसीबी भिंत ढकलत भरावाकडे निघाला. तेवढ्यात तरन्नुमचा फोन.

“अब्बा, कसला आवाज येतोय? काचा फुटल्यागत?”

“रस्त्याचं काम चाललंय गं.” ते घराकडे पाठ करून उभे राहिले. “ऐक. ती भिंत कोरी ठिवू नगंस. रंग दिऊन घे.”