पाचवी करवली

सौंसरच्या बायकांना विचारा, कुणाच्या अंगाला काय शोभेल हे पूनमला नुसत्या नजरेनं कळतं. धाकट्या बहिणीचं, सुचिताचं लग्न पंधरा दिवसांवर आलं, तेव्हा करवल्यांचे ड्रेस शिवायचं कामही साहजिकच तिच्याकडे आलं. चौघी चुलत-मावस बहिणी तिच्या मशीनभोवती गोळा झाल्या. ठेंगण्या प्रेमलताला तिनं उंच कमरेचा अनारकली बेतला. सरलाचे दंड जाड, म्हणून तिला पाऊण बाह्या आणि सरळ उतरणारा घेर.

"पूनमताई, मी त बारीकच दिसून राहिली व!" सरला आरशासमोरून हलेना.

पाचवा ड्रेस पूनमचा, नवरीच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा. तिनं आखूड बाह्या कापायला घेतल्या आणि आईनं, कलाबाईनं, हातातून कात्री काढून घेतली.

"पुऱ्या बाह्या लाव. गळाबी बंद पायजे."

पूनमच्या हातांवर आणि गळ्याखाली दहा वर्षांपासून कोड होतं. ते कुणाला लागत नाही, हे डॉक्टरांनी कलाबाईला तीनदा समजावलं होतं. भर एप्रिलात पूनमनं मनगटापर्यंत बाह्या लावल्या. मग आईचं लक्ष बोटांवरच्या डागांकडे गेलं. बोटांना बाह्या कुठून लावणार?

"तू करवली नोको होऊ," कलाबाई म्हणाली. "पांढुर्ण्याचे पाहुणे पाहतीन. घराण्यात कोड हाय म्हनून सुचिताचं मोडलं त? हॉलवर ये, पन शिवणारी म्हनून. हूक-गिक तुटलं त लावून देजो."

सुचिता तिथेच मेंदीचे नमुने पाहत बसली होती. तिनं मान वर केली नाही. पूनमला आईपेक्षा तिचाच राग आला. तरी ती हो म्हणाली, कारण लग्न मोडलं असतं तर खापर तिच्याच डोक्यावर फुटलं असतं. आपण शिकलेली माणसं पोरीच्या कातडीवरचा डाग घराण्याच्या अब्रूवर पडला असं समजतो आणि अब्रू राखायला पोरीलाच नाहीशी करतो. लाज वाटायला हवी, पण ती पोरीलाच वाटावी अशी आपली सोय.

लग्नाच्या दिवशी नवरीमागे शकुनाचा करादिवा घेऊन पूनमच्या जागी प्रेमलता उभी राहिली. नवरदेवाची आत्या करवल्यांचे ड्रेस पाहून हरखली.

"कोनं शिवले व हे?"

"ते पाहा, आमची शिवणारी. मोहगावची हाय," कलाबाई म्हणाली.

आत्यानं पूनमला जवळ बोलावलं. "काय कला हाय बाई तुह्या हातात! मायबाप हायेत का तुले?"

पूनमनं आईकडे पाहिलं. कलाबाई हारातली फुलं सारखी करत होती.

पूनमनं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. "बाबा वारले. माय हे तुमच्या बाजूले उभी हाय. मी सुचिताची सख्खी बहीण."

आत्या एक पाऊल मागे सरली. कुजबुज झाली, थोरामोठ्यांची डोकी एकत्र आली, आणि लग्न लागलं. ते मोडलं नाही.

निघताना सुचिता सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. पूनमसमोर आली तेव्हा मात्र सासरच्यांकडे पाहून तिनं लांबूनच हात जोडले. पूनमनं ते हात घट्ट धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "दहा वर्सं माह्या ताटात जेवली, माह्या पांघरुणात झोपली. सांग सगळ्याईले, तुले लागलं का?"

सुचितानं नुसती नकारार्थी मान हलवली.